थंड केली की सुटते : तापमान-संवेदी डिश आठ महिने वापरून

चरबीतून मिळवलेल्या मेसेनकायमल मूलपेशी (हाड, कूर्चा, चरबी यांच्या पेशी बनू शकणाऱ्या) वाढवायच्या आणि त्यांचा पापुद्रा, म्हणजे शीट, न फाटता अख्खा उचलायचा, यासाठी मी या डिश घेतल्या. पूर्वी साध्या डिशमधून स्क्रेपरने खरवडून पाहिलं होतं. हाती यायच्या त्या चिंध्या.

डिशच्या तळावर एका पॉलिमरचा (नाव लांबलचक, आम्ही ‘पिपाम’ म्हणतो) जेमतेम २० नॅनोमीटरचा थर असतो. ३७ अंशांना तो पाण्याला दूर ठेवतो, तेव्हा पेशी त्याला चिकटतात. तापमान ३२ अंशांखाली गेलं की तो पाणी शोषून फुगतो आणि पेशींची पकड सुटते. एरवी पेशी सोडवायला ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर घालतात, पण त्याने पेशींमधले दुवेही तुटतात आणि हाती सुट्या पेशी येतात. इथे दुवे शाबूत राहतात आणि खालचं फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिनही शीटबरोबर वर येतं. तोच तिचा डिंक. तेरुओ ओकानो यांच्या गटाने १९९० मध्ये हे तंत्र मांडलं. २००४ मध्ये कोजी निशिदा आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या तोंडातल्या अस्तराच्या पेशींपासून अशा शीट करून त्यांच्याच डोळ्यांवर बसवल्या, तेही एकही टाका न घालता. मला भुरळ पडली ती या बिनटाक्याच्या गोष्टीची.

पहिला महिना मात्र फोटोंच्या नादात गेला. मायक्रोस्कोपच्या स्टेजला हीटर नव्हता. मी निवांत दहा-दहा मिनिटं फोकस करत बसायचो आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर कडा सुटून गुंडाळलेल्या. दोष डिशचा नव्हता, ती तिचं काम चोख करत होती! आता दोन मिनिटांच्या वर डिश बाहेर ठेवत नाही. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) आधी कोमट करतो आणि बदलताना पिपेटचं टोक भिंतीला टेकवतो, तळाला कधीच नाही. तळावर ओरखडा गेला की थर गेला, आणि नेमकी तिथेच शीट अडकून फाटते.

उचलण्याचा क्षण आजही बघत बसावासा वाटतो. डिश २० अंशांना ठेवली की बराच वेळ काहीच घडत नाही. मग कडेला एक पांढुरकी रेघ दिसते, ती हळूहळू आत सरकते आणि शीट स्वतःच आक्रसायला लागते. इथेच हात थरथरतो. मीडियम काढून वर आधाराला पातळ पटलाची कडी ठेवायची, ती शीटला चिकटू द्यायची आणि चिमट्याने एका कडेने उचलायची. कडी न लावता उचलाल तर ३५ मिलिमीटरच्या डिशमधून निम्म्याहून लहान, जाडसर गोळा हाती येतो.

खरी डोकेदुखी उचलल्यावर सुरू होते. ही शीट चांगली आहे की नाही हे सांगायचं कसं? पेशी मोजायच्या, सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही पेशींवरची ओळख पटवणारी प्रथिनं तपासायची, तर फ्लो सायटोमेट्रीला (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तपासण्याच्या पद्धतीला) सुट्या पेशी लागतात. म्हणजे जी शीट तपासली ती संपली. म्हणून मी तीन डिश एकदमच पेरतो. एक वापरायची, एक मोजायची, एक सेक्शनची (पातळ उभे काप रंगवून बघायची). पण जुळ्या बहिणींचेही स्वभाव वेगळे निघतात. एकदा मोजणीच्या डिशमध्ये आकडे उत्तम आले आणि वापरायची शीट मधोमध फाटली. कारण? इनक्युबेटरमधली ती फळी किंचित कलती होती, त्यामुळे पेशी एका बाजूला जमलेल्या. तेव्हापासून फळीवर पाणसळ ठेवून बघतो.

सेक्शननेही एकदा चकवलं. एका शीटमध्ये केंद्रकांच्या दुप्पट रांगा दिसल्या आणि मी खुशीत ‘दोन थर’ लिहून मोकळा होणार होतो. फायब्रोनेक्टिनच्या रंगात खालच्या कडेला असायची ती गडद रेघ बरोब्बर मधोमध होती. शीट दुमडली होती, बस्स. मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूचं तर बोलायलाच नको. तो मीडियम गढूळ करत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. म्हणून त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी प्रत्येक खेपेला करतोच.

शीटवर शीट रचणं जमतं, पण तीनच्या पुढे मी जात नाही. हृदयपेशींच्या शीटवर झालेल्या कामात ही मर्यादा साधारण ८० मायक्रॉनची दिसली. रक्तवाहिन्या नसतील तर त्यापुढे आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही.

तक्रारी दोन. डिश एकदाच वापरता येते आणि साध्या डिशच्या मानाने फारच महाग आहे. दुसरी जास्त जाचक आहे. बॅच बदलली की सुटण्याचा वेळही बदलतो. एका बॅचला दुप्पट वेळ लागला. विक्रेत्याला विचारलं तर ‘सूचनापत्रकाप्रमाणे करा’ एवढंच उत्तर आलं. नुसत्या पेशी वाढवायच्या असतील तर या वाटेला जाऊच नका, फ्लास्क आणि ट्रिप्सिन पुरे. अख्खी शीटच हवी असेल तर मात्र मी पुन्हा हीच डिश घेईन.

आता प्रत्येक नव्या बॅचमधली एक डिश मी बळी देतो. जुन्या पॅसेजच्या (बरेचदा नव्या डिशमध्ये हलवून वाढवलेल्या), नाहीतरी फेकायच्या पेशी तिच्यात वाढवतो, घड्याळ लावून उचलतो आणि वेळ मार्करने खोक्यावर लिहितो. सध्याच्या खोक्यावर लिहिलंय : २६ मिनिटं.