लाकडी उलथणं घ्यावं की सिलिकॉनचं?

नॉनस्टिक तव्यावर स्टीलचं उलथणं चालवू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच्या धारेने लेप खरवडला जातो. मग घ्यायचं काय?

घावन, आंबोळी, ऑम्लेटसाठी मी सिलिकॉनच सुचवेन. त्याची पातळ, लवचिक कड घावनाच्या जाळीखाली अलगद सरकते. लाकडाची जाड कड तिथे अडते आणि घावन फाटतं. चांगलं सिलिकॉन साधारण २२०-२३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पण पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्या. दिसायला तसंच असलेलं काळं नायलॉन त्याआधीच मऊ पडू लागतं. दांडा आणि पातं एकसंध असलेलं बघा, कारण सांध्यात तेल-मसाला साचतो.

रवा भाजायला, शिऱ्याला, पिठल्याला मात्र लाकडाला तोड नाही. कढईच्या तळाशी धरलेलं सोडवायला जो ताठपणा लागतो, तो सिलिकॉनमध्ये नसतो. शिवाय लाकडी दांडा हाताला चटका देत नाही. शिसवी किंवा सागवानी, एकाच तुकड्यातून कोरलेलं आणि चकचकीत पॉलिश नसलेलं घ्या. सिंकमध्ये भिजत ठेवू नका. धुऊन, पुसून उभं वाळवा, अधूनमधून खोबरेल चोळा. चीर पडली की सरळ बदला. तिच्यात ओल राहून बुरशी धरते.

बिडाच्या तव्याला असा लेप नसतो. तिथे स्टीलचं उलथणं खुशाल वापरा, खरपूस थालीपीठ त्यानेच नीट सुटतं.