पाषाण तलावावरची निसर्गफेरी: मार्गदर्शक उत्तम, गट मात्र फार मोठा

मे महिन्यातील एका रविवारी सकाळी साडेसहाला पाषाण तलावाच्या काठाने निघालेल्या, ‘नैसर्गिक निवड आणि प्राण्यांचे वर्तन’ या विषयावरील फेरीला मी माणशी ३०० रुपये भरून सपत्नीक गेलो होतो. पक्ष्यांची यादी वाढवणाऱ्या फेऱ्या पुण्यात पुष्कळ होतात. पक्षी असा का वागतो, या एकाच प्रश्नाला दोन तास धरून राहिलेली फेरी मी प्रथमच पाहिली.

टिटवीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये ठेवलेली चार ठिपकेदार अंडी दुर्बिणीतून सापडली, तरी डोळा हलताच ती पुन्हा खड्यांत विरून जात. टिटवी आरडाओरडा करीत अंगावर झेपावू लागली तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, “आपली जात टिकावी म्हणून करते बिचारी.” मार्गदर्शकांनी हे शांतपणे दुरुस्त केले. टिटवीला जातीशी देणेघेणे नसते. ज्यांनी शत्रूला हुसकावले त्यांची पिल्ले अधिक जगली, आणि तो स्वभाव जेवढा आनुवंशिक होता तेवढा पुढच्या पिढ्यांत पसरत गेला; हीच नैसर्गिक निवड. माझ्या मते फेरीचे पैसे येथेच वसूल झाले.

कोकिळेचे अंडे कावळा उबवतो, ही ठाऊक असलेली गोष्ट थोडक्यात उरकली, ते बरे झाले. त्याऐवजी वेडा राघू या छोट्या हिरव्या पक्ष्यावर वेळ दिला गेला. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जिथून घरट्याचे बीळ दिसते अशा जागी माणूस उभा असेल तर हा पक्षी आत शिरायला कचरत होता; तेवढ्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी तो माणूस उभा राहिला की सहज शिरत होता. नाव वेडा राघू, आणि हिशोब असा!

तक्रार एकच, पण गंभीर आहे. गटात अठ्ठावीस माणसे होती, त्यामुळे मागच्यांना निम्मे बोलणे ऐकूच आले नाही. तिथेच एकाने मोबाइलवर तांबट पक्ष्याची हाक वाजवली, आणि खोट्या प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्यात खरा तांबट दहा मिनिटे शिणत राहिला. आयोजकांचा स्वयंसेवक शेजारी उभा राहून त्याचे चित्रीकरण करीत होता.