पीक राखणीसाठी १२ बोअरची भरमार बंदूक : खरीप ते हरभरा, वापरानंतरचा अनुभव

मंडळी, बरेच जण विचारत होते म्हणून जरा निवांत लिहितो. मृगाच्या आधी बंदूक हाती आली, सोयाबीन, पऱ्हाटी (कापूस), तूर सगळं तिच्यासोबत राखलं आणि आता हरभरा घरी आल्यावर लिहायला बसलोय. बंदूक म्हणजे १२ बोअरची एकनळी भरमार, तोंडाकडून दारू ठासायची आणि टोपीवर (घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी वाटी) उडवायची. वावर यवतमाळ जिल्ह्यात, एका अंगाला नाला, नाल्यापलीकडं झुडपी जंगल, म्हणजे डुकराचं आणि रोह्याचं (नीलगाईचं) येणंजाणं रोजचंच.

आधीच सांगून टाकतो, जो कास्तकार स्वतः जागलीला जातो त्याच्यासाठी ही बंदूक घेण्यासारखी आहे. ज्याच्या डोक्यात शिकार आहे त्यानं हिच्या नादी लागू नये, एकतर कायद्यानं ते बंद आहे आणि दुसरं म्हणजे त्या कामाला ही बंदूक जशी लोकांना वाटते तशी नाही.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात शिकारीला बंदी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित जनावरांच्या यादीत आहेत, पिकाचं नुकसान होतंय म्हणून मारायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि त्या परवानगीत ज्या अटी असतील त्या पाळाव्या लागतात. बंदुकीचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे. शस्त्र अधिनियम १९५९, त्याच्या कलम १३ मध्येच पीक रक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा उल्लेख आहे. म्हणजे कलेक्टर साहेबांनी दिलेला परवाना बंदूक बाळगायचा, जनावर मारायचा नाही. आमच्याकडं या दोन गोष्टींची लोक सर्रास खिचडी करतात आणि मग नसती केस अंगावर येते.

मग घेतली कशाला? आवाजासाठी. बाबा जुने जागल करणारे, त्यांचं म्हणणं सरळ आहे, "जिथवर बाराचा आवाज जाते तिथवर आपलं राखण हाय." दुसरं कारण जास्त मोठं आहे माझ्यासाठी. आपल्या विदर्भात कुंपणाच्या तारेत लाईनचा करंट सोडायची जी सवय लागली आहे तिनं माणसं गेली, बैल गेले, वाघ गेले. रात्री मोटर चालू करायला निघालेला माणूस शेजाऱ्याच्या धुऱ्यावर (बांधावर) चिकटून मरतो ही बातमी दर हंगामात कुठून ना कुठून येतेच. मला माझ्या वावरात ते नको होतं, आणि शेजाऱ्यांनाही दाखवायचं होतं की तार न जोडता पीक राखता येतं.

आता बंदुकीकडं येतो. बोअरचा आकडा काय असतो हे दुकानात कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीची जी जाडी होते ती १२ बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटर, वजन ३८ ग्रॅमच्या आसपास. २० बोअर म्हणजे पौंडाच्या वीस गोळ्या, म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते, उलटं आहे ते. जुन्या काळी मोठ्या नळीचा एवढा सोस का होता तर काळ्या दारूनं गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडं वाढत नाही, गोल गोळी हवेत लवकर दम टाकते, मग मार वाढवायचा तर गोळीच जड करायची, आणि गोल गोळी जड करायची म्हणजे नळी मोठी करायची. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल बेकरसारखे इंग्रज शिकारी ४ बोअरही वापरायचे, म्हणजे एक गोळी पाव पौंडाची, ११३ ग्रॅम! ती बंदूक पेलायलाही तसाच माणूस लागत असणार.

रायफल का नाही घेतली हेही विचारतात. ठासणीच्या रायफलीत नळीला आतून पीळ असतो, गोळी कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासली की पिळामुळं फिरत जाते आणि लांबवर सरळ जाते. माझी नळी आतून सपाट आहे. सपाट नळीतली गोल गोळी पन्नास मीटरच्या पुढं भरवशाची राहत नाही, ते मानूनच चालायचं. पण राखणीला पीळ लागतच नाही. उलट पिळात दारूची काजळी बसते आणि ती काढणं किचकट, सपाट नळी चिंधीनं पुसली की झालं. रायफलीचा परवाना मिळणं तर त्याहून अवघड. कास्तकारानं त्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१२ बोअर घेतल्याचं समाधान तुरीतल्या पहिल्याच रात्री मिळालं. नुसत्या दारूचा बार, आत गोळी नाही छर्रे नाही, वर कागदाचा बोळा ठासलेला. आवाज फटाक्यासारखा टणक नाही येत, दबका आणि जड येतो, छातीत बसतो, नाल्याच्या काठानं घुमत जातो. डुकरांचा कळप तुरीतून असा फुटला की तूर मोडल्याचा कडकडाट दूरवर ऐकू येत होता. फटाक्याला ही डुकरं आता भीत नाहीत, सुतळी बॉम्ब फुटला तरी पाच मिनिटांनी परत मका खायला हजर. बाराला भितात. का भितात ते मला वाटतं आवाजासोबत धूर आणि गंधकाचा वास असतो ना, तो वास वावरात बराच वेळ रेंगाळतो आणि डुकराचं नाक किती तिखट असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पण रोजच्या रोज त्याच मचाणावरून त्याच वेळी बार काढला तर जनावर शिकतं. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी हे ध्यानात आलं, डुकरं मचाणाचा कोपरा सोडून दुसऱ्या धुऱ्यानं घुसायला लागली. मग जागा बदलायला लागलो, कधी नाल्याकडून, कधी विहिरीकडून, कधी संध्याकाळीच कळप यायच्या आधी. त्यानं फरक पडला. रोही मात्र वेगळं प्रकरण, रोही बाराला पळतं आणि शंभर पावलांवर जाऊन उभं राहून बघतं, त्याच्यामागं टॉर्च आणि आरडाओरड लागतेच. हरभऱ्यात रोह्यानं जे खाल्लं ते खाल्लंच, बंदुकीनं ते पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही.

पावसाळा हीच हिची खरी परीक्षा. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, ओल लागली की मेली. श्रावणात झड लागलेली असताना टोपी फुटते पण बार पेटत नाही, किंवा टोपी फुटल्यावर क्षणभर थांबून मग उडतो. हे दुसरं जास्त धोक्याचं. टोपी वाजली आणि बार नाही उडाला तर नळी वावराच्या मोकळ्या दिशेला धरून चांगला मिनिटभर तरी तसंच उभं राहायचं, तोंडाकडं वाकून बघायचं नाही, कोणाला बघू द्यायचं नाही. माझ्यासोबत जागलीला येणाऱ्या पोराला मी हे इतक्यांदा सांगितलंय की तो आता स्वतःच मोजत उभा राहतो. पावसात मी नळीच्या तोंडाला मेणकापड बांधतो, टोपीची जागा चामड्याच्या तुकड्यानं झाकतो, दारू घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि रात्रीचा भरलेला बार सकाळी मोकळ्या जागेत उडवून टाकतो. भरलेली बंदूक घरात आणायचीच नाही.

धुणं. हे काम ज्याला जमणार नाही त्यानं घेऊ नये, खरंच. काळ्या दारूची जी घाण नळीत राहते ती हवेतली ओल ओढून घेते आणि पावसाळ्यात एका रात्रीत लोखंडाला तांब (गंज) चढतो. म्हणून जागलीवरून आलो की चहाच्या आधी गरम पाणी. साबणाच्या गरम पाण्यात चिंधी भिजवून गजानं नळी पुसायची, पाणी काळं यायचं बंद होईपर्यंत, मग साधं गरम पाणी, मग कोरडी चिंधी, नळी अजून गरम असतानाच तेलाचा हात. जिच्यावर टोपी बसते त्या चोचीचं भोक बारीक सुईनं साफ. तेलाचं म्हणाल तर पावसाळ्यात खोबरेल चांगलं चाललं, थंडीत ते थिजतं आणि भोकात बसतं, म्हणून कार्तिकापासून शिलाई मशीनचं तेल वापरलं. आणि बार भरायच्या आधी तेल पुसून काढून एखादी नुसती टोपी उडवून घ्यायची, भोक मोकळं होतं. दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या भागाच्या) लाकडाला मात्र आपलं जवसाचं तेल, त्याला तोड नाही, हाताला गुळगुळीत लागतं आणि पाणी पीत नाही.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. एक, कारतुसातली आजची बिनधुराची दारू यात कधीच घालायची नाही. गावात कोणीतरी शहाणा सांगतोच की कारतूस फोड, ती दारू जोरदार असते. जोरदार असते म्हणूनच नळी फाटते, आणि नळी फाटते तेव्हा तुमचा डावा हात तिथंच असतो. दुसरं, बार ठासताना बोळा थेट दारूवर बसला पाहिजे, मधे पोकळी राहता कामा नये, गोळी भरली असेल तर त्याहून जास्त काळजी, पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. मी गजावर दोन खुणा केल्या आहेत, रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या बाराची एक. अंधारात बोटानं चाचपून कळतं की बंदूक भरलेली आहे का आणि नीट बसली आहे का. मोठ्या डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही, मापानंच, आत ठिणगी राहिलेली असली तर डबाच हातात पेटेल. बिडीवाल्याला तर जवळही उभं करू नका.

कार्बाइड गनशी तुलना विचारली होती एकानं. पीव्हीसी पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून गॅसनं आवाज काढायची ती गन स्वस्त आहे, आवाजही बरा येतो, कोणी परवाना विचारत नाही म्हणून घरोघरी झाली. पण २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं त्याच गननं किती लेकरांच्या डोळ्यांना इजा झाली ते आपण सगळ्यांनी वाचलं. उडाली नाही म्हणून पाइपात बघायला जातात आणि तेव्हाच उडते. त्यापेक्षा सौर झटका मशीन कधीही चांगलं, त्याचा झटका क्षणाचा असतो, जनावर हटतं पण मरत नाही. जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, आपल्या गावाचा नंबर लागतो का ते वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या. माझ्या मते नाल्याच्या बाजूनं झटका तार आणि बाकी तीन बाजूंनी जागल आणि बंदूक, असं केलं तर राखण पुरती होते. पुढच्या खरिपात तेच करणार आहे.

कागदांबद्दल. सातबारा, डॉक्टरचं फिटनेस, बंदूक सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पोलिसांचा अहवाल, मग कलेक्टर ऑफिस. धीर ठेवा, कोणाला मधे घालू नका, स्वतः जा. परवाना २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांसाठी मिळतो, आधी तीन होता. दारू आणि टोप्या परवान्यावर लिहिलेल्या प्रमाणातच आणि परवाना असलेल्या दुकानातूनच, पावती जपून ठेवायची. आमच्याकडून दुकान लांब पडतं, एकदा गेलं की पूर्ण दिवस मोडतो, त्यामुळं पोळ्याच्या आत हंगामाची दारू आणून ठेवलेली बरी.

आणि निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येतो, ते नेमकं तूर भरायच्या दिवसांत आलं तर मोठी अडचण होते. पीक रक्षणाचा परवाना आहे म्हणून सूट मिळावी असा अर्ज करता येतो, मिळेलच असं नाही, पण अर्ज करून पोच घ्या. जमा करायचीच असेल तर आदल्या दिवशी नळी धुवून, पूर्ण वाळवून, आतून बाहेरून जाड तेलाचा हात देऊन, तोंडाला तेलाच्या चिंधीचा बोळा लावून मगच न्या, कारण ठाण्यातल्या खोलीत ती कशी राहील ते आपल्या हातात नसतं. पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथंच उभं राहून वाचा. परत आणल्यावर बोळा काढायला विसरू नका, आधी गज घालून खुणेवर जातो का बघा, मग चिंधी, मग नुसती टोपी, आणि त्यानंतरच दारू.