ऑडिओबुक ॲप, सोसायटीतली पोरं आणि दहा सेकंद मागे जायचं बटण

मागच्या महिन्यात ॲपला अपडेट आलं आणि मागे जायचं बटण दहा सेकंदांवरून तीस सेकंदांवर गेलं. सेटिंगमध्ये बदलायची सोय नाही, सगळीकडे शोधून झालं. कस्टमर केअरला चॅट केलं तर आधी सांगितलं ॲप काढून परत टाका, मग सांगितलं स्पीड कमी करून ऐका, आणि शेवटी ‘आपला फीडबॅक टीमपर्यंत पोहोचवला आहे’ असं लिहून चॅट बंद. मी वर्षाचे पैसे एकदम भरलेत, ते मागितले तर मिळणार नाहीत म्हणाले, कारण ‘सेवा सुरू आहे’. ॲपचं नाव लिहीत नाहीये, मुद्दा बटणाचा आहे आणि कुठलंही ॲप घेताना तो कामाला येईल.

वीस सेकंदांच्या फरकाने काय होतंय असं वाटेल. एकटा मोठा माणूस ट्रेनमध्ये ऐकत असेल तर काहीच होत नाही. पण आम्ही ते पोरांना वाचायला शिकवायला वापरतो आणि तिथे सगळा खेळ त्या बटणावरच आहे.

आम्ही ठाण्याला, घोडबंदर रोडला राहतो. शनिवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये सोसायटीतली तिसरी ते सहावीची पोरं जमतात, बहुतेक इंग्लिश मीडियमची. 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, ते चांगलंच झालं, पण घरी फाडफाड मराठी बोलणारं पोर पुस्तक हातात दिलं की एकेक अक्षर लावत बसतं आणि ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून जातं. माझी मुलगी चौथीत आहे, तिचंही हेच होतं. म्हणून हा उद्योग सुरू केला. टेबलावर ब्लूटूथ स्पीकर, प्रत्येकाच्या हातात तेच पुस्तक, बोट ओळीवर. पान-दोन पानं ऐकायचं, थांबवायचं, बोलायचं.

बोट ओळीवर हे मी सगळ्यांना बजावून सांगते, कारण नुसतं ऐकून वाचन येत नाही. आमच्याच मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांनी मला हे फार छान समजावलं. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी 1986 मध्ये मांडलंय की वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, एक अक्षरं लावून शब्द वाचता येणं आणि दुसरी भाषा समजणं. गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. ऑडिओ भाषेची बाजू भरतो, शब्द, वाक्याची चाल, गोष्ट कशी पुढे जाते ते सगळं, आणि लहान वयात पोरांना वाचून जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट ऐकून कळतं, त्यामुळे गोष्ट त्यांच्या वाचनाच्या पातळीपेक्षा वरची घेता येते. अक्षरांची बाजू मात्र बोटानेच भरायची. आमच्यातला एक मुलगा पूर्ण वेळ छताकडे बघत ऐकतो, गोष्ट त्याला सगळ्यांपेक्षा जास्त आठवते, पण वाचन आहे तिथेच आहे.

आता बटणावर येते. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना काही फरक नाही. ‘चार गाईंना चारा घातला’ हे वाक्य घ्या. चारमधला च वेगळा, चारामधला वेगळा, कागदावर दोन्ही सारखेच. आपल्याला ते आपोआप येतं म्हणून लक्षातही येत नाही, पण ज्याच्या घरी मराठी कमी आहे ते पोर दोन्हीकडे एकच च लावतं आणि मग चारा हा शब्द त्याने ऐकलेला असूनही वाचताना ओळखीचा लागत नाही. अशा वेळी लगेच मागे जाऊन तेवढंच वाक्य परत ऐकवायचं, पोराचं बोट त्या शब्दावर, कानात बरोबर उच्चार, झालं. परत एकदा, आणि मग त्याने स्वतः म्हणायचं. दहा सेकंदात एक-दोन वाक्यं मागे जातं. तीस सेकंदात अख्खा परिच्छेद मागे जातो, पोरांना जागा सापडेपर्यंत वाक्य निघून जातं, शेजारचा कंटाळतो, तिसरा पाणी प्यायला उठतो.

मग खालची पट्टी सरकवा म्हणाले कस्टमर केअरवाले. दहा तासांचं पुस्तक आहे, फोनच्या रुंदीत पट्टी सहा-सात सेंटीमीटरची, म्हणजे बोट एक मिलिमीटर हललं की गोष्ट नऊ-दहा मिनिटं इकडची तिकडे. पाऊण स्पीडचंही करून बघितलं. वाचणाऱ्याचा आवाज ओढल्यासारखा होतो आणि वाक्यात कुठे थांबायचं, कुठे उचलायचं ती लय बिघडते, जी लय ऐकवण्यासाठी आपण हा सगळा खर्च करतोय.

सुरुवातीला मी सगळं श्रेय ऑडिओबुकात वाचणाऱ्यांना द्यायचे, आणि खरंच आवाज फार चांगले आहेत, बायकांचे पुरुषांचे दोन्ही, संवाद म्हणताना उगाच नाटकीपणा नाही. पावसाळा संपेपर्यंत माझं मत हेच होतं की आवाजासाठी पैसे वसूल. नंतर मत बदललं ते एका शनिवारी.

साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ लावलं होतं. ते पुस्तक ह्या कामाला इतकं सोयीचं आहे की सांगता सोय नाही, कारण ते मुळात सांगितलेलंच आहे, श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. एका बैठकीला एक रात्र. शिवाय गुरुजी 1950 मध्ये गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो, त्यामुळे स्वस्त आवृत्त्या ढिगाने मिळतात आणि प्रत्येक पोराला स्वतःची प्रत देता आली. (आवृत्ती घेताना एक पान ऑडिओशी ताडून बघा, संक्षिप्त आवृत्त्या पण असतात, मग बोट आणि आवाज जुळत नाही.)

तर पोहायला जायला श्याम घाबरतो आणि आई त्याला मारून पाठवते तो भाग झाला. पोरं पेटली. एक गट म्हणे आई चुकली, भीती वाटणाऱ्याला मारायचं का. दुसरा गट म्हणे मारल्यावर तिला स्वतःलाच वाईट वाटलं होतं. पहिला गट म्हणे कुठे लिहिलंय दाखव. आणि सहावीतला एक मुलगा, जो महिनोन्महिने स्वतःहून पान उलटत नव्हता, तो मागची पानं चाळायला लागला, ओळीवर बोट फिरवत, ओठ हलवत, आणि त्याला हवी ती ओळ सापडल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. अडखळला, पण कुणी हसलं नाही कारण सगळ्यांना ती ओळ ऐकायची होती. त्याला कुणी वाच म्हटलं नव्हतं. वाद जिंकायचा तर पुस्तकात परत जावंच लागतं, आणि वाचन तिथे होतंय हे मला तेव्हा दिसलं.

तेव्हापासून ऐकणं कमी केलं आणि बोलण्याला वेळ वाढवला. शिक्षिका काकूंनी पद्धत दिली, पॅलिन्सार आणि ब्राउन या संशोधकांची 1984 मधली, चार कामं पोरांत वाटायची: पुढे काय होईल ते एकाने सांगायचं, एकाने प्रश्न विचारायचा, अडलेला शब्द किंवा वाक्य एकाने उलगडायचं, आणि एकाने थोडक्यात गोष्ट सांगायची. दर आठवड्याला कामं बदलायची. यात अडलेलं उलगडणाऱ्याला सगळ्यात जास्त मागे जावं लागतं, म्हणजे परत तेच बटण.

फरक पडतोय का हे बघायला न ऐकलेलं पान द्यावं लागतं, ऐकलेलं पोरं पाठ म्हणतात. आम्ही बालभारतीचं ‘किशोर’ वापरतो, 1971 पासूनचं मासिक आहे आणि जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. मुलगी आता वाक्य तुकड्यांत न वाचता सलग वाचते, पूर्णविरामाला थांबते, अवतरणचिन्ह आलं की आवाज बदलते. जोडाक्षरांना अजून अडखळते. सगळ्यांचं इतकं झालेलं नाही, छताकडे बघणाऱ्याचं तर नाहीच.

पैशांचं बोलायचं तर फक्त स्वतःच्या मुलासाठी घरी ऐकवायला मी हे घेणार नाही. लहान पोरांसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट फुकट आहे, 2015 पासून आहे, मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि रीडअलाँगमध्ये आवाजाबरोबर ओळी समोर दिसतात, म्हणजे बोटाचं अर्धं काम झालं. दुसरी-तिसरीपर्यंत तेवढं पुरे. पुढे मोठी गोष्ट हवी असेल तर पैसे भरायचा विचार करा. पुस्तकांवरही फार खर्च नको, आपल्या ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, मेंबर व्हा.

हे लिहायला घेतलं तेव्हा एकच स्टार द्यायचा ठरवलं होतं. पण परवा सासऱ्यांचा जुना फोन कपाटातून काढून चार्ज केला, त्यात ॲपचं जुनं व्हर्जन निघालं, ऑटो अपडेट बंद, आणि दहा सेकंदांचं बटण जागेवर. शनिवारी तोच स्पीकरला जोडला आणि पुन्हा सगळं सुरळीत झालं. म्हणून तीन स्टार, तेही वाचणाऱ्यांच्या आवाजाला, कंपनीला नाही. जुनं व्हर्जन ते कधी बंद करतील सांगता येत नाही, आणि पैसे भरलेल्या माणसाला साधं बटण निवडता येऊ नये ह्याचा राग अजून गेलेला नाही.

जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हाच रिन्यूअल आहे, ऑटोपे मी आत्ताच बंद करून ठेवलंय. तोपर्यंत बटण परत आलं तर भरेन. दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये मराठी पुस्तकं आहेत आणि मागे जायचे सेकंद आपल्याला ठरवता येतात असं कुणी स्वतः वापरून बघितलं असेल तर खाली लिहा, पाच सेकंद असेल तर आणखी उत्तम.