नीसची वाळू आणि आमचे ६६० युरो

आमच्या तळघरात एक लाल प्लास्टिकची बादली, फावडं आणि माशाच्या आकाराचा साचा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये हा ऐवज बॅगेत अगदी वर ठेवून आम्ही पाच जण फ्रँकफुर्टहून नीसला गेलो. मी, बायको, सहा वर्षांची लेक आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. नीस फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, भूमध्य समुद्रावर. ज्यांनी नीस पाहिलंय ते बादली-फावड्यावरच हसले असतील. त्यांनी हसून घ्यावं. बाकीच्यांनी पुढचं वाचावं, कारण आम्हाला खोट्या जाहिरातीने ६६० युरोंना बुडवणारे घरभाड्याचे ठग अजून बाजारात आहेत.

आई मूळची गुहागरची. लग्न होऊन पुण्यात आली त्याला चाळीस वर्षं झाली, तरी समुद्र म्हटलं की माहेरचं माणूस दारात आल्यासारखं तिचं होतं. जर्मनीत आल्यापासून एकच पालुपद, "इथे सगळं आहे रे, फक्त खारं वारं नाही." बाबांच्या गुडघ्यांना लांबचा प्रवास नको, विमान दीड तासाचं, म्हणून नीस. समुद्र शहरातच हवा, घरातून चालत जाता यावं, आणि लेकीसाठी वाळू हवी, एवढंच आमचं मागणं होतं. त्यातल्या तिसऱ्या मागणीची चौकशी मी कुठेही केली नाही. समुद्र आहे म्हणजे वाळू असणारच, असं धरून चाललो. कोकणात वाढलेल्या बाईचा मुलगा मी, दुसरं काय धरणार!

जाहिरात दिसली ती परदेशातल्या भारतीयांच्या एका ग्रुपवर. आपल्यातल्याच कुणाच्या तरी नावाने पोस्ट होती, 'ओळखीच्या फ्रेंच बाईंचं घर, ऑगस्टमध्ये अचानक रिकामं झालंय.' ते खातंच चोरलेलं असावं, हे डोक्यात आलं पैसे गेल्यावर. दोन बेडरूम, बाल्कनी, समुद्र पाच मिनिटांवर, सात रात्रींचे १,०८० युरो. ऑगस्टात नीसला समुद्राजवळ पाच माणसांना हा भाव म्हणजे दादरच्या फुलबाजारात दसऱ्याला झेंडू पाच रुपये किलो. तिथेच थांबायला हवं होतं. पण स्वस्त मिळालं की आपल्याला आपल्याच हुशारीचं कौतुक वाटायला लागतं.

फोटो सात होते. पाच घराचे आणि दोन किनाऱ्याचे. किनाऱ्याच्या दुसऱ्या फोटोने माझा निकाल लावला. लांबच लांब, ओलसर, सोनेरी वाळू, तिच्यात आभाळाचं प्रतिबिंब, आणि पार लांबवर पाण्याची पांढरी रेघ. मी तो आईला पाठवलासुद्धा. तिने हात जोडलेली खूण पाठवली. फोनवर, चष्म्याविना, तिला तरी काय दिसणार.

बाईंशी बोलणं सगळं मेसेजवर. अगदी गोड. मुलीचं वय विचारलं, आई-बाबांना जिना चालेल का विचारलं. मग म्हणाल्या, बुकिंगच्या साइटवरून केलंत तर त्यांचं कमिशन बसेल, थेट बँकेत टाका. आगाऊ ४८० युरो, उरलेले चावी घेताना. शिवाय समोरच्या 'खासगी वाळूच्या प्लाज'चा (प्लाज म्हणजे किनारा) आठवड्याचा पास माणशी ३६ युरो, त्यात खाट आणि छत्री. पाचांचे १८०, म्हणजे आधीच एकूण ६६०. अजून दोन कुटुंबं मागे लागली आहेत, आज संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी ठेवते. विश्वासासाठी स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवला, आणि 'करारासाठी' माझ्या ओळखपत्राचा मागितला. मी दिला. पैशापेक्षा आज त्याचीच धाकधूक जास्त आहे. माझ्या नावाने कुठे कोण 'घर भाड्याने देणे' करत असेल कोण जाणे. त्यांनी पाठवलेला तो पासपोर्टही बहुधा माझ्यासारख्याच कुणा शहाण्याचा असणार.

खातं पुरुषाच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणे, जावई. खात्याचा क्रमांकही एफआरने सुरू होत नव्हता, म्हणजे खातं फ्रान्समधलं नव्हतं. हे मी पाहिलं, माझ्या लक्षात आलं, आणि तरी गिळलं, पैसे भरले. बायको तेव्हा एकदाच म्हणाली होती, "अरे, एक व्हिडिओ कॉल करू या का? घर फिरून दाखवू दे." मी म्हणालो, त्यांना इंग्रजी बोलायला अवघड जात असेल. हे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरलं जातं.

नीसच्या विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते. पत्ता रू द फ्रान्स या रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीतला, समुद्राला समांतर रस्त्याच्या मागचा. गल्ली होती. इमारत होती. नंबरही तोच. दारावरच्या बेलच्या पाटीवर मात्र आमच्या बाईंचं नाव नव्हतं. फोन लावला, बंद. मेसेजवर एकच टिक. दुपारचे दोन, बाबा बॅगेवर बसलेले, लेकीच्या हातात ती लाल बादली, कारण तिला ती विमानापासून सोडायचीच नव्हती. तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई कुत्रं घेऊन बाहेर आल्या. बॅगांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आँकोर?" पुन्हा? मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की त्या उन्हाळ्यातलं या दारात आलेलं आमचं तिसरं कुटुंब. त्यांनी बाबांना पाणी आणून दिलं. त्या दिवसातली तेवढी एकच चांगली गोष्ट.

स्टेशनजवळ दोन खोल्या मिळाल्या, त्याही तीनच रात्रींसाठी, आणि भाव न सांगितलेलाच बरा.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. प्रोमनाद देझांग्ले हा तिथला जवळपास सात किलोमीटरचा समुद्राकाठचा रस्ता, त्यावर निळ्या खुर्च्या आणि खाली उपसागर. पाण्याचा रंग असा की आई दोन मिनिटं काही बोललीच नाही. आणि मग आम्ही पायऱ्या उतरून खाली गेलो. वाळू नाहीच. गोटे. सुपारीएवढे, बटाट्याएवढे, काही नारळाएवढे, सगळे करडे आणि गुळगुळीत. आल्प्समधून उतरणाऱ्या वार नदीने आणून टाकलेले. लेकीने फावडं मारलं, टण्ण आवाज आला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ६६० युरोंपेक्षा ते महाग पडलं.

बाबा निळ्या खुर्चीत बसले. आई अनवाणी जाऊ पाहत होती, चार पावलांत परत आली. तिथला किनारा उतरता आहे, दोन-चार पावलांतच पाणी छातीला लागतं. लाट मागे जाताना गोटे पायाखालून घरंगळतात, त्यामुळे लहान मूल आणि गुडघे दुखणारा माणूस दोघांचंही काम नव्हे. गोट्यांवर चालायचे रबरी बूट दुकानात मिळतात. ते घेऊन तरुण मंडळी मजेत पोहतात, पाणी काचेसारखं स्वच्छ. म्हणजे नीसचा किनारा वाईट नाही, आम्हाला हवा होता तो तो नव्हे.

आई तासभर कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "इथे ओहोटी कधी लागते रे?" मी फोनवर शोधलं. लागतच नाही म्हटलं तरी चालेल. भूमध्य समुद्र म्हणजे जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडाचं मोठं भांडं. भरती-ओहोटीत पाणी बहुतेक ठिकाणी वीतभर वर-खाली होतं. आपल्याकडे उधाणाला पाणी पुरुषभर चढतं-उतरतं. आई हं म्हणाली आणि गप्प बसली.

रात्री खोलीत मी बाबांना तावातावाने जाहिरात दाखवत होतो. आईने फोन मागून घेतला, चष्मा लावला, तो फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, "हा इथला नव्हेच. ही ओहोटीची पुळण आहे. पाणी बघ किती आत गेलंय. वाळूवर बारीक रेघा आहेत, ह्या पाणी उतरताना पडतात. आणि हे ओले आरसे. एवढी ओहोटी इथे लागते होय?"

मी गार. मग फोटो सर्चला टाकला. दहा सेकंदांत निघाला, पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्याचा, कुणाच्या तरी जुन्या प्रवासाच्या पानावरचा. हे दहा सेकंद पैसे भरण्याआधीही माझ्याकडे होतेच.

त्यामुळे भूमध्य समुद्राच्या कुठल्याही शहराची जाहिरात बघताना आमच्या आईची परीक्षा लावा. फोटोत पाणी लांबवर ओसरलेलं, खाली ओल्या वाळूचं मैदान दिसत असेल तर तो फोटो बहुतेक दुसऱ्या समुद्राचा आहे. मग उपग्रहाच्या नकाशावर तो किनारा जवळून बघा. वाळू पिवळसर दिसते, गोटे करडे. आणि लोकांनी टाकलेल्या फोटोंत पाय बघा. सगळ्यांच्या पायात बूट असतील तर समजून जा.

पासचं म्हणाल तर तीही शुद्ध थाप. फ्रान्समध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा. १९८६च्या किनारा कायद्याने लोकांना तो मोकळा आणि फुकट वापरायचा हक्क आहे. 'खासगी प्लाज' म्हणजे ठेक्याने दिलेला पट्टा. तिथे पैसे पडतात ते खाट, छत्री आणि खाण्यापिण्याचे. आम्ही विचारलं तर एका खाटेचे एका दिवसाचेच वीस-तीस युरो होते, आणि ती खाटही गोट्यांवरच! दोन पट्ट्यांच्या मध्ये सार्वजनिक किनारा असतोच, तिथे चटई टाकून बसा, कुणी पैसे मागायचं कारण नाही. घरमालकाने किनाऱ्याचा पास विकायला काढला की तिथेच नमस्कार करावा.

घराबद्दल एक गोष्ट आधी कळली असती तर वाचलो असतो. नीसमध्ये पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर नोंदणी करावी लागते आणि तिचा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो, आमच्या वेळी तो १३ अक्षर-आकड्यांचा होता. त्यातले पहिले पाच आकडे गावाचे असत, नीसचे ०६०८८. आमच्या बाईंच्या जाहिरातीत क्रमांकच नव्हता. खोटा क्रमांक टाकणारेही असतील, पण निदान विचारा तरी, उत्तराच्या सुरावरून बरंच कळतं.

बँकेने पैसे परत बोलवायचा प्रयत्न केला. तोवर पलीकडचं खातं रिकामं. जर्मन पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली, पाच महिन्यांनी पत्र आलं की आरोपी सापडला नाही. आता ९ ऑक्टोबर २०२५पासून युरो वापरणाऱ्या देशांत बँका पैसे पाठवण्याआधी नाव आणि खातं जुळतंय का ते दाखवतात. चांगलं आहे, पण आमच्या वेळी ते असतं तरी नाव जुळल्याची हिरवी खूणच दिसली असती, कारण 'जावयाचं' नाव त्यांनी बरोबरच दिलं होतं. तेव्हा त्या हिरव्या खुणेवर फार विसंबू नका.

उरलेल्या दोन दिवसांत आम्ही शेवटी लोकल गाडीच पकडली. व्हिलफ्रान्श सूर मेर नीसहून सात-आठ मिनिटांवर, स्टेशनच्या खालीच मारिनियेर नावाचा किनारा, जाडसर वाळूचा, बंदिस्त खाडीत, लाटा नाहीतच. ऑगस्टात सकाळी नऊच्या आत पोचा, नाहीतर टॉवेलापुरती जागा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासावरचं आंतिब. तिथे जुन्या गावाच्या तटबंदीला टेकून ग्राव्हेत नावाचा छोटा किनारा आहे, वाळू मऊ, पाणी लांबवर उथळ. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि लेकीने तीन तासांत वीसेक मासे पाडले, साच्यातले. आई म्हणाली, "गुहागरची सर नाही, पण बरं आहे."

शहरातच रुंद वाळू हवी असेल तर नीसचा हट्टच सोडा. कान्सला वाळू आहे, बरीचशी बाहेरून आणून टाकलेली. स्पेनमधल्या बार्सिलोनाचे बरेच किनारेही १९९२च्या ऑलिम्पिकसाठी वाळू आणून घडवलेले. तिथल्याच वलेन्सियाची मालवारोसा चौपाटी मात्र लांबरुंद आणि मुलांना मोकळी, शहरातून ट्राम जाते. पुढच्या वेळी आम्ही तिथे जाणार, हॉटेलात.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला, दुसऱ्या ग्रुपवर, दुसऱ्या बाईच्या नावाने, आणि शहर टाकलंय वलेन्सिया. तिथे वाळू खरीच आहे, त्यामुळे पटकन खपून जाईल. मी तक्रार केली, पोस्ट गेली, दोन दिवसांनी परत आली. म्हणून फोटोची खूण लिहून ठेवतो. डाव्या कोपऱ्यात काळा खडक, त्याच्या पायथ्याशी पाण्याचं डबकं, मध्ये पाठमोरी दोन माणसं आणि एक पांढरं कुत्रं, आणि त्यांच्या पुढे फर्लांगभर नुसती ओली पुळण.