अठरा टक्के वाचवले, त्याची गोष्ट

आमच्याकडे तूरडाळीचं बिलसुद्धा जपून ठेवतात. मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात, म्हणजे महिन्याचं सामान एकत्र मागवून वाटून घेणाऱ्या कुटुंबांच्या गटात, मी गेली एकोणीस वर्षं आहे. महिन्याचं सामान आलं की यादीशी ताडून बघायचं काम माझं, आणि जिऱ्याची एक पुडी चुकून दुसऱ्याच्या पिशवीत गेली तरी ती मी शोधून काढते अशी माझी ख्याती आहे. अशा बाईने २०२३ च्या ऑगस्टमध्ये ६२,००० रुपयांचा कॉम्प्युटर बिलाशिवाय घेतला. हे लिहायला इतका वेळ लागला, त्याला कारण लाज. दुसरं काही नाही.

मी गिरगावात राहते आणि घरीच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम, करते. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, आणि पावसाळा संपत आला की दिवाळी अंक. जुना कॉम्प्युटर ब्रँडेड होता, २०१६ चा. जुलैच्या पावसात एका दुपारी तो जो बंद पडला तो पडलाच. कंपनीच्या कस्टमर केअरने तीन दिवस तेच तेच करायला लावलं. वायर काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा, वायर लावा. चौथ्या दिवशी सांगितलं की वॉरंटी संपली आहे, मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, गेला असावा आणि त्या मॉडेलला बाहेरचा बोर्ड बसत नाही. तेव्हा हे म्हणाले, "ब्रँडेड नकोच आता. सुटे पार्ट घेऊन बनवून घेऊ, एक गेला तर तेवढाच बदलता येईल." तत्त्व चुकीचं नव्हतं, मी आजही तेच म्हणते. त्यात मुलगी आर्किटेक्चरला, तिला रात्री रेंडर लावायला, म्हणजे इमारतीच्या मॉडेलचं चित्र तयार करायला, दमदार मशीन हवं होतं. आणि लॅमिंग्टन रोड आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर. (पत्रिकेत पत्ता टाकताना मी 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असं व्यवस्थित टाकते. बोलताना मात्र अख्खी मुंबई अजून त्या जुन्या लाटसाहेबाचंच नाव घेते.)

दुकान पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना, वर जेमतेम चार माणसं उभी राहतील एवढी जागा. मालक बोलायला गोड. गिरगावची आहे म्हटल्यावर "म्हणजे घरच्याच की तुम्ही" असं म्हणून चहा मागवला. कागदावर भरभर यादी लिहिली. आय-फाइव्ह १०४००एफ प्रोसेसर, बोर्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी, वर १ टीबीची हार्ड डिस्क, पडद्यावरचं चित्र तयार करणारं जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, विंडोज. खाली आकडा ६२,०००. मग ते वाक्य आलं: "मॅडम, बिल लगेगा तो अठरा परसेंट ऊपर."

मी मनात हिशेब केला. ७३,१६०. म्हणजे ११,१६० रुपये नुसते कागदाचे? सरकारला जीएसटी म्हणून द्यायचे? मालक म्हणाला, वॉरंटी माझी, दुकान कुठे पळून जात नाही. वीस हजार मी यूपीआयने दिले, उरलेले त्याने रोख मागितले. यूपीआयवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. हे मी बघितलं आणि सोडून दिलं.

पोऱ्याने मशीन आतल्या खोलीत जोडलं, आमच्यासमोर नाही. डबे मात्र सगळे दिले, छान चकचकीत. निघताना मालक म्हणाला, "ताई, एक लक्षात ठेवा, अपडेट बंद ठेवा हां. अपडेटने मशीन स्लो होतं." मला ते आपुलकीचं वाटलं. आज त्या सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात लबाड वाक्य कोणतं म्हणून विचाराल, तर मी हेच दाखवीन.

गणपती उरकले आणि दुखणं सुरू झालं. मुलीने मोठं मॉडेल उघडलं की पडद्यावर हिरवे चट्टे यायचे आणि सगळं गोठायचं. माझी साधी पानं चालायची, म्हणून मी तिलाच बोलले की तुमची सॉफ्टवेअरं जड असतात. मग एका रात्री विंडोजने आपणहून अपडेट घेतलं. सकाळी निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळल्याची सूचना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा पडदा. दिवाळी अंकाची ९६ पानं त्यात, आणि छापखान्याची तारीख दहा दिवसांवर.

दुकानात फोन केला. पहिलं उत्तर, "अपडेट केलंत ना? सांगितलं होतं मी." जणू मी औषधाचं पथ्य मोडलं होतं. दुसरं उत्तर असं की, मॉनिटरची केबल कार्डातून काढा आणि मदरबोर्डच्या पोर्टला लावा, चित्र येतं का बघा. लावली. पडदा काळाच. "मग बोर्ड उडालाय. घरच्या करंटमुळे. ६,५०० होतील, वॉरंटीत नाही."

इथे जरा थांबून सांगते, कारण या युक्तीत माझ्यासारखी कितीतरी माणसं अडकतील. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबराशेवटी नुसतं एफ असतं, त्यात अंगचं ग्राफिक्स नसतंच. केबल बोर्डाला लावली तर चित्र येणारच नाही, बोर्ड ठणठणीत असला तरी. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं, कारण प्रोसेसर त्यानेच विकला होता. मी मात्र दोन दिवस चाळीच्या वायरिंगला शिव्या दिल्या आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. त्याचे ४०० रुपये वेगळे.

यानंतर दुकानाने फोन उचलणं बंद केलं. रात्री अकरा वाजता, डोकं फिरलेलं असताना, मी मोबाइलवर विंडोजच्या मदतीसाठी नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला तो लावला. वर आला कारण ती जाहिरात होती, हे नंतर कळलं. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य. त्याने सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी मोजक्या गोष्टींवर, मशीन चालू करून दिलं, तेव्हा मला तो देवासारखा वाटला. मग एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला लावलं, आलेला नंबर विचारला, आणि माझ्या पडद्यावर माझा बाण आपोआप फिरायला लागला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडली. लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण, खाली खाली जात संपेचनात. "मॅडम, ये सब हैकर की एंट्री है." मी घाबरले. तीन वर्षांच्या 'प्रोटेक्शन'चे ४,९९९ भरले.

त्या लाल खुणा तुमच्याही कॉम्प्युटरमध्ये आहेत. आत्ता उघडून बघा. विंडोजची कुठलीशी अंतर्गत सेवा वेळेवर सुरू झाली नाही तरी विंडोज तिथे नोंद करून ठेवतं, त्याचा हॅकरशी काही संबंध नाही. पैसे गेल्यावर तो म्हणाला, तुम्हाला सीनियर सिटीझन डिस्काउंट लागू आहे, हजार रुपये परत पाठवतो, बँकेचं पान उघडा. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. राग कशाचा आला ते सांगायला नको. पण त्या रागानेच मी वाचले, कारण माझा आवाज चढला आणि मुलगी उठून बाहेर आली. तिने काही विचारलं नाही. राउटरची वायर उपटली.

रात्रीच १९३० वर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. जितक्या लवकर लावाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवरही नोंदवता येते. माझे ४,९९९ आले नाहीत, ते तोवर पुढच्या खात्यात गेले होते. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलला, विंडोज पुसून नव्याने टाकलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे माहीत नसेल तर माहीत करून घ्या. दिवाळी अंक मी दादरला मैत्रिणीच्या ऑफिसात बसून, तिची माणसं घरी गेल्यावर, रात्री पुरा केला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या. संपादकांनी फोनवर काही म्हटलं नाही, पण पुढच्या वर्षीचा अंक मला दिलाही नाही.

खरं प्रकरण उघड झालं दिवाळीत. बहिणीचा मुलगा फराळाला आला. तो ऐरोलीला नोकरी करतो. मशीनच्या मागे वाकून त्याने बघितलं आणि करंजी हातात तशीच राहिली. "मावशी, १०५० टीआयला हे निळं पोर्ट कसं?" निळं म्हणजे व्हीजीए, जुन्या मॉनिटरचं. या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या पिढीपासून चिपमधला व्हीजीए सिग्नल काढून टाकला होता. मग त्याने जीपीयू-झेड नावाचं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधीच चौकटी कंसात लिहिलेलं होतं: फेक. बनावट कार्ड ओळखून तसं सांगायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून आहे. म्हणजे हा धंदा इतका जुना आणि इतका पसरलेला, की तो पकडायला सॉफ्टवेअरवाल्यांनी वेगळी सोय करून ठेवली.

आतली चिप होती २०११ च्या आसपासची, दोन-तीन पिढ्या मागची. तिच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख सांगणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, खाडाखोड करून तिला नवं नाव सांगायला शिकवलेलं. चार जीबी म्हणून बोलायची, प्रत्यक्षात एक. म्हणून माझी पानं चालायची आणि मुलीचं मोठं मॉडेल त्या एका जीबीपलीकडे गेलं की हिरवे चट्टे. आणि अपडेट बंद ठेवायला का सांगितलं तेही उलगडलं. दुकानदाराने जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारा प्रोग्राम, टाकून दिला होता. विंडोजने नव्या नावाचा खरा ड्रायव्हर आणला, तो त्या जुन्या चिपला झेपला नाही, आणि निळा पडदा.

मग भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो काढलं. हार्ड डिस्क किती तास चालली ते त्यात दिसतं. माझी 'सील पॅक' डिस्क ३१,२४८ तास. म्हणजे साडेतीन वर्षं अहोरात्र. बहुधा कुठल्याशा सोसायटीच्या सीसीटीव्हीत राबून ती माझ्याकडे नवी नवरी होऊन आली. एक सावधगिरी मात्र भाच्याने सांगितली: हा आकडाही शून्यावर आणता येतो. तेव्हा आकडा मोठा दिसला तर डिस्क नक्की जुनी, पण छोटा दिसला म्हणून नक्की नवी असं नाही. डब्यांवरचे सीरियल नंबर पार्टवरच्या नंबरांशी जुळवले, तर कार्ड आणि डिस्क, दोन्हींचे वेगळे. डबे खरे होते. आतला माल दुसऱ्याचा. घरी आणल्या दिवशी मी ते नंबर वाचून बघितले असते तर? जिऱ्याची पुडी शोधणारी बाई मी.

(विंडोजही खोटंच होतं, दुकानदाराने टाकलेलं. ते मी आधीच पुसलं होतं, म्हणून त्यावर रडले नाही.)

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली. पहिला प्रश्न बिलाचा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, हे सगळं मला तोंडपाठ. संघात इतरांना मीच सांगते. पण हातात काय होतं? हाताने लिहिलेला एक कागद, त्यावर दुकानाचं नाव नाही, आणि एका अनोळखी माणसाला पाठवलेले वीस हजार. तरी नोटीस मी स्वतःच टाइप केली, चांगली पानभर, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवली. आठवड्यात मालकाचा फोन. सूर पुन्हा घरचा. "ताई, गैरसमज झाला. कार्ड घेऊन या, ७,००० देतो."

मी जिना चढून गेले. पैसे त्याने टेबलावर ठेवले आणि कार्डासाठी हात पुढे केला. तेव्हा मला दिसलं की हे कार्ड आता कुठे जाणार. त्याच आतल्या खोलीत, दुसऱ्या चकचकीत डब्यात. मी म्हटलं, कार्ड देणार नाही, पैसे द्या. तो म्हणाला, मग पैसे नाहीत. हे म्हणतात मी मूर्खपणा केला, सात हजार म्हणजे काही थोडे नाहीत. असेल. कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

सगळा लॅमिंग्टन रोड असा नाही, हेही सांगायला हवं. नवं कार्ड आणि डिस्क मी त्याच रस्त्यावर घेतली, खालच्या एका दुकानात. आधी सांगितलं, बिल जीएसटीचं, त्यावर दोन्ही सीरियल नंबर लिहून हवेत. सील माझ्यासमोर फुटेल. आणि कार्ड तुमच्याच मशीनवर लावून जीपीयू-झेड दाखवा, मग पैसे. काउंटरवरचा मुलगा वैतागला, गर्दी होती. आतून म्हाताऱ्या मालकाने ओरडून सांगितलं, "दिखा दे रे." त्याने दाखवलं. चौकटी कंस नव्हता.

ते बिल आता संघाच्या पावत्यांच्या फायलीत आहे, तूरडाळीच्या मागे.