पट्टी न मागता दिलेले पंचाहत्तर हजार

"हळदीचे सोपे उखाणे" असं कुणीतरी गूगलवर शोधलं. तिथं माझ्या हळद पुडीची जाहिरात आली, त्या बाईनं तिच्यावर बोट टेकवलं आणि माझे आठ रुपये गेले. तिला हळद नकोच होती, तिला उखाणा हवा होता. असे आठ-आठ रुपये पाच महिने जात होते आणि ते मला ठाऊकही नव्हतं. मी आपली दर महिन्याला पंधरा हजार मोजत होते.

आमचा व्याप छोटा. माझे सासरे, आप्पा, सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळकुंड मोडून, हुंगून माल सांगणारे. ते घरी बसल्यावर त्यांच्या नजरेखाली राजापुरी हळकुंडं घ्यायची, दळून आणायची आणि अर्ध्या-एक किलोच्या पाकिटांत विकायची असं मी सुरू केलं. जोडीला कांदा-लसूण चटणी. इथून पुण्या-मुंबईला गेलेली माणसं हेच आमचं गिऱ्हाईक, ते तोंडातोंडी वाढलं. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर अनोळखी लोकही विचारायला लागले. मग वाटलं, थोडी जाहिरात केली तर काय बिघडतंय.

जानेवारीच्या शेवटाला गूगलवर जाहिराती लावून देणाऱ्या एकाचा फोन आला. "ताई, तुमची हळद इतकी भारी आणि तुम्ही गूगलवर कुठंच नाही?" हळद न चाखता ती भारी असल्याचं त्याला कसं कळलं, हे विचारायला हवं होतं. सांगलीतल्याच विश्रामबागेत त्याचा गाळा, काचेचं दार, कार्डावर 'गूगल पार्टनर' छापलेलं. (हा पार्टनर प्रकार खरा असतो, पण तो गूगलच्या स्वतःच्या यादीत तपासायचा असतो. कार्डावर काय, कुणीही काहीही छापतं.) बोलणं अगदी साखर. ठरलं असं: महिना पंधरा हजार, त्यातले बारा हजार गूगलला जाहिरातीचे, तीन हजार त्यांची मेहनत. वर "पहिला नंबर गॅरंटी". लेखी काही नाही, एक व्हॉट्सॲप मेसेज फक्त.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला, म्हणाला, "ताई, तुमच्या मोबाइलवर टाका तुमचं नाव." मी आमच्या हळदीचं नाव टाइप केलं. सगळ्यात वर आमची जाहिरात! मिस्टरांना हाक मारून दाखवली, शेजारच्या दुकानदारालाही दाखवली. पेढे आणायचेच राहिले होते.

आता सांगते त्यात काय मेख होती. आमचं नाव आमच्याशिवाय दुसरं कोण विकत घेणार? तिथं स्पर्धा नाही, म्हणून क्लिक स्वस्त आणि जागा वरची. जो माणूस आमचं नाव टाइप करतो, तो आम्हाला ओळखतोच. तो जाहिरातीखालच्या फुकटच्या दुव्यावरूनही आलाच असता. म्हणजे माझ्याच दारातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला हाताला धरून आत आणायचे पैसे मी देत होते. स्वतःच्या नावावर जाहिरात लावूच नये असं नाही, दुसरा कुणी त्या नावावर बसत असेल तर लावावी लागते. पण त्याच आकड्यांवर "बघा किती छान चाललंय" असं कुणी दाखवत असेल, तर नावाचे क्लिक वेगळे काढून दाखव म्हणायचं.

दर महिन्याला पीडीएफ यायची. रंगीत, चढते आलेख. एप्रिलच्या पीडीएफमध्ये लिहिलेलं: 412 लीड्स, म्हणजे होऊ शकतील अशी गिऱ्हाइकं. त्या महिन्यात जाहिरात बघून आलेल्या ऑर्डरी मी वहीत मोजल्या होत्या, अकरा. मार्च ते मे म्हणजे वर्षाची हळद भरायचा हंगाम, त्यात अकरा. विचारलं तर म्हणाला, "ताई, लीड म्हणजे ऑर्डर नव्हे. अवेअरनेस होतोय." मला तो शब्द कळला नाही आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली. माझे निम्मे पैसे त्या लाजेपायी गेले असं आता वाटतं.

पीडीएफ पकडली ती आप्पांनी. एका संध्याकाळी कागद छापून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाले, "ह्यात पट्टी कुठाय?"

यार्डात ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकऱ्याचा माल सौद्यात, म्हणजे लिलावात, विकला की अडत्या त्याला पट्टी देतो. पोती किती, वजन किती, दर काय लागला, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. "हे नसंल तर ती पट्टी नव्हं," आप्पा म्हणाले, "ते कॅलेंडर हाय. भिंतीला लाव."

आणि गंमत अशी की गूगलची जाहिरात म्हणजे सौदाच असतो. कुणी काही शोधलं की त्या क्षणी सौदा निघतो, प्रत्येक शोधाला नवा. तुम्ही एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार ते बघतात, शिवाय जाहिरात त्या शोधाला किती लागू आहे आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, तेही बघतात. माल चोख असेल तर कमी बोलीतही वरची जागा मिळते. आता दर वेळी नव्यानं निघणाऱ्या सौद्यात 'पहिला नंबर गॅरंटी' कोण देणार? उद्याचा हळदीचा दर आज कुणी लिहून देईल का? यार्डाशेजारी इतकी वर्षं राहून हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून खात्याचा कस्टमर आयडी मागितला. 10 आकडी नंबर असतो, प्रत्येक जाहिरात खात्याचा वेगळा. तो म्हणाला कंपनीचं धोरण नाही. गूगलचं धोरण बरोबर उलटं आहे, हे मला नंतर कळलं: दुसऱ्याच्या वतीनं जाहिराती चालवणाऱ्यानं खर्च, क्लिक आणि जाहिरात किती वेळा दिसली याचे आकडे ग्राहकाला द्यायचे, शुल्क घेत असेल तर तसं सांगायचं आणि मागितला तर आयडी द्यायचा. आठवडाभर मी रोज फोन केला. शेवटी कंटाळून त्यानं माझ्या ईमेलला फक्त बघण्यापुरता प्रवेश दिला. त्याला वाटलं असणार, ताईंना काय कळतंय.

ताईंना खरंच कळत नव्हतं. पण भाची पुण्यात कॉलेजला आहे, ती व्हिडिओ कॉलवर बसली आणि आम्ही दोघींनी एकेक दार उघडलं.

पहिलं दार खर्चाचं. पाच महिन्यांत खर्च 23,180 रुपये. क्लिक 2,874. जाहिरातीसाठी मी दिले होते साठ हजार. त्याच्या बाजूनं 18 टक्के जीएसटी धरला तरी होतात 27,352. उरलेले 32,648 कुठं गेले याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

दुसरं दार 'सर्च टर्म्स'चं. लोकांनी नक्की काय टाइप केलं म्हणून आपली जाहिरात दिसली, त्याची यादी इथं असते. मी वाचत गेले आणि हसू की रडू कळेना. हळदीचे उखाणे. हळदीसाठी पिवळी साडी. हळदी डेकोरेशन घरच्या घरी. हळदीची गाणी. आजचा हळद बाजारभाव सांगली. हळद लागवड कधी करावी. हळदीचं दूध रात्री प्यावं का. भाची म्हणाली, "मामी, यानं सगळे शब्द 'ब्रॉड मॅच'वर ठेवलेत." म्हणजे 'हळद' या शब्दाच्या आसपासचं काहीही चालेल. काही सांगितलं नाही तर गूगल शब्द ब्रॉडवरच धरतं. त्याला आवर घालायला 'निगेटिव्ह' शब्द द्यायचे असतात, की बाबा उखाणे असेल तर दाखवू नको, साडी असेल तर नको, लागवड असेल तर नको. निगेटिव्हची यादी उघडली. कोरी. बाजारभाव बघणारा तो शेतकरी तर स्वतः हळद विकणारा, त्याला मी हळद विकायला निघाले होते!

शिवाय मोहीम शोधाची असूनही 'डिस्प्ले नेटवर्क'ची खूण तशीच ठेवलेली, त्यामुळं काही पैसा शोधाबाहेर, मोबाइलवरच्या गेममध्ये गेला. गेम खेळताना पोराचं बोट चुकून लागलं की माझ्या नावानं बिल. ठिकाण महाराष्ट्र सांगितलं होतं, पण 'त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले' हा आपोआप येणारा पर्याय कुणी बदलला नव्हता, म्हणून बाहेरच्या राज्यांतले क्लिकही होते. जाहिरातीत फोनचं बटण होतं आणि वेळ चोवीस तास. रात्री एकला कोण हळदीसाठी फोन करतंय, आणि केला तरी कोण उचलतंय?

412 लीड्सचं कोडंही तिथंच सुटलं. 'कन्व्हर्जन' म्हणजे काय मोजायचं ते खात्यात आपण ठरवतो: ऑर्डर, फोन, चौकशीचा फॉर्म. यानं काय ठरवलं होतं? वेबसाइटचं पहिलं पान उघडलं की एक. उखाणेवाली बाई पान उघडून लगेच परत गेली तरी ती माझी लीड.

पण मला खरी थप्पड बसली ती शेवटच्या दारात. 'चेंज हिस्टरी' म्हणून एक पान असतं. खात्यात कुणी, कधी, काय बदललं ते तारीख-वेळेसकट. गेल्या 2 वर्षांचं दिसतं. भाची म्हणाली, बघू दर महिन्याच्या तीन हजारांत यानं काय मेहनत केली. पहिल्या दिवशी दहा-बारा नोंदी. मग एक नोंद चौथ्या दिवसाची: रोजचं बजेट 400 वरून 150. त्यानंतर काही नाही. फेब्रुवारी नाही, मार्च नाही, एप्रिल नाही. म्हणजे आम्ही शेजाऱ्याला मोबाइल दाखवत होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं नळ बारीक केला आणि टाकी माझीच चालू ठेवली.

मी गाळ्यावर गेले. तो म्हणाला, "ताई, ते ऑप्टिमायझेशन आहे." मी गूगलची बिलं मागितली. ती त्याच्या संस्थेच्या नावावर होती, कारण खातंच त्यानं स्वतःच्या नावावर उघडलेलं. आमच्या सीएनी मार्चमध्येच विचारलं होतं, गूगलचं बिल आपल्या जीएसटी नंबरवर का नाही, त्यात भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, कशी घेणार. मी "मागते" म्हणाले आणि विसरले. वकिलांनी मेसेज पाहून सांगितलं की बारा-तीन अशी फोड त्यात नाही, नुसतं "जाहिरात पॅकेज 15,000" एवढंच आहे, त्यामुळं भांडण लांबेल. नोटीस गेल्यावर त्यानं दहा हजार परत केले आणि "दोन महिने फ्री सर्व्हिस" देऊ केली. दहा घेतले. खातं मात्र दिलं नाही, म्हणून पाच महिन्यांत त्या खात्यात जी काही थोडी माहिती जमली होती तीही त्याच्याकडंच राहिली.

सगळं त्याच्या माथी मारत नाही. जाहिरातीवरून माणूस ज्या पानावर यायचा तिथं हळदीचा दर कुठंच नव्हता, आप्पांचा फोटो आणि आमची गोष्ट होती. ते पान मीच करून घेतलं होतं, हौसेनं.

आता खातं माझ्या ईमेलवर आहे, पैसे माझ्या खात्यातून थेट गूगलला जातात आणि बिल आमच्या जीएसटी नंबरवर येतं. कुणाची मदत घेतली तर त्याला प्रवेश मी देते आणि मीच काढून घेते. त्याची मजुरी वेगळी, जाहिरातीचा पैसा वेगळा. दोन्ही एका पाकिटात मागणाऱ्याला चहा पाजून परत पाठवते. बजेट रोजचं दीडशेच ठेवलंय, तेवढ्यात भागतं. एखाद्या दिवशी गूगल ठरवल्याच्या दुपटीपर्यंतही खर्च करतं, महिन्याचा हिशोब मात्र धरून असतं, म्हणून पहिल्यांदा तीनशेचा दिवस दिसला तेव्हा उगाच घाबरले होते. जाहिरात दिसते का हे बघायला स्वतःच सारखं शोधत बसत नाही, त्यासाठी खात्यातच प्रीव्ह्यूची सोय आहे.

सोमवारी दुपारी मी आणि आप्पा सर्च टर्म्स वाचायला बसतो. मी वाचते, ते "काढ" म्हणतात. चेहऱ्याला लावायची हळद, काढ. हळदी मेहंदी गाणी, काढ. परवा एक आलं: "हरिपूर पेव हळद". सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली. मी म्हटलं, हा कुणी अभ्यास करणारा दिसतोय, काढते.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "ह्याला हळद कळती."

सहा रुपये गेले. ऑर्डर आली नाही.